माझ्या दाखल्याच्या गावी

पनवेलला मी का गेलो हे सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. ती तोवर कुणाला सांगितलेली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. तपासलेलं नसताना 'तपासलं, ठीक आहे' असं मी लिहून दिलं, खाली सही केली, आणि त्या सहीमुळे पनवेलच्या एका सरकारी कार्यालयातल्या बाईचं काम गेलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं. पनवेलही तसं पाहिलेलं नव्हतं. पुण्याहून मुंबईला जाताना ते खिडकीतून कितीदा तरी गेलं असेल, पण मी उतरलो कधी नाही.

माझं काम असं. सरकारी कार्यालयाला वेबसाइट सुरू करायची तर ती सुरक्षित असल्याचा दाखला लागतो. सरकारने यादीवर घेतलेल्या खासगी कंपन्या तो देतात. अशाच एका कंपनीत मी आहे. आम्ही चोराच्या नजरेने वेबसाइट तपासतो, कुठून आत शिरता येतं ते शोधतो आणि त्रुटींची यादी देतो. बनवणारे त्या दुरुस्त करतात. मग आम्ही पुन्हा तपासायचं, एकेका त्रुटीपुढे 'बंद' असं लिहायचं, आणि सगळ्या बंद झाल्या की दाखला द्यायचा. पुन्हा तपासणं हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि दाखल्याचा सगळा अर्थ त्यातच आहे.

पनवेलची वेबसाइट सरकारी प्रकल्पात जमिनी गेलेल्या गावकऱ्यांसाठी होती. त्यांनी आपले कागद तिथे भरायचे, म्हणजे बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाचं काम पुढे सरकणार. प्रत्येक अर्जाला एक क्रमांक. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, पत्त्यात दिसणारा तो क्रमांक एकाने वाढवला की शेजाऱ्याचा अर्ज उघडायचा. ही त्रुटी मीच शोधली होती. मार्चचा शेवटचा आठवडा होता, उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. बनवणाऱ्यांचा फोन आला, "सर, झालंय, स्क्रीनशॉट टाकलाय." दुसऱ्याचा अर्ज उघडू गेलं की 'परवानगी नाही' असं येत असल्याचा तो फोटो. मी फोटो पाहिला आणि 'बंद' लिहिलं. अर्ज बंद झाला होता खरा, पण त्याला जोडलेले कागद तसेच उघडे होते. स्वतः करून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

काही महिन्यांनी पनवेलजवळच्या कोन गावातल्या लोकांचे कागद एका दलालाच्या हातात दिसले. कार्यालयाने चौकशी केली. चौकशीच्या पत्रात लिहिलं होतं की वेबसाइटला सुरक्षिततेचा दाखला असल्यामुळे माहिती बाहेरच्याने नेणं शक्य नाही, तेव्हा ती आतल्याच व्यक्तीने दिलेली असणार. गावकऱ्यांच्या वतीने ते कागद वेबसाइटवर भरणारी व्यक्ती एकच होती. भारती घरत, कंत्राटी ऑपरेटर.

हे पत्र मी वाचलं ते पुढच्या वर्षी. दाखल्याची मुदत संपल्यामुळे तीच फाइल पुन्हा माझ्याकडे आली, आणि पत्र तिला जोडलेलं होतं. मी क्रमांक बदलून पाहिला. कुणा अनोळखी माणसाचं रेशनकार्ड समोर उघडलं. पहिली चूक घाईतली होती, असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. दुसरी तशी नाही. दार लोटून, चहा मागवून, शांतपणे मी ती त्रुटी 'या वर्षी नव्याने आढळली' अशी नोंदवली. दुरुस्त करून घेतली, या वेळी स्वतः तपासली, नवा दाखला दिला. झालं. मागच्या वर्षी ती उघडीच राहिली होती याचा आता कुठे पुरावाच उरला नाही.

नऊ महिने असे गेले. मग एक दिवस ऑफिसातल्या नव्या मुलामुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यांना म्हणालो, "स्क्रीनशॉटवर कधी विश्वास ठेवायचा नाही." सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्याच आठवड्यात घरी 'मुंबईला काम आहे' असं सांगून मी पनवेलची एसटी पकडली.

जानेवारीची सकाळ होती. घाटात स्वेटर हवासा वाटत होता, खोपोलीला उतरेपर्यंत तो मांडीवर आला. जुन्या रस्त्याने गाडी पनवेलकडे निघाली की उजवीकडे प्रबळगडाचं लांबलचक पठार सोबत करतं, आणि पुढे डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसतो. शेजारी बसलेल्या आजोबांनी मला तो बोट करून दाखवला. "पनवेलचं पोरगं हरवत नाय," ते म्हणाले. "अंगठा दिसला का घर जवळ." मग त्यांनी विचारलं, "तुमी कोणाकडं?" मी म्हणालो, ऑफिसचं काम आहे. त्यांनी मान डोलावली आणि झोपून गेले.

स्टँडसमोर वडा-उसळ खाल्ली. उसळ झणझणीत होती, आणि मी रिकाम्या पोटी आलो होतो, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलवाल्याने न मागता ताकाचा पेला पुढे सरकवला. "पुण्याचे का?" एवढंच विचारलं. पुढे वडाळे तलावाच्या काठाने चालत गेलो. पाण्यात कमळाची पानं होती, काठावर व्यायाम करून दमलेली मंडळी बाकांवर बसून विमानतळामुळे कुणाच्या जागेचं काय होणार यावर बोलत होती. पनवेलमध्ये दिवसभर मी जिथे जिथे थांबलो तिथे हाच विषय चालू होता.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. साहेब दौऱ्यावर होते. सावंत नावाचे शिपाई होते, निवृत्तीला आलेले. मी म्हणालो, वेबसाइटच्या कामासाठी आलोय. हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी खुर्ची दिली, आणि समोरच्या भिंतीवर मला माझा दाखला दिसला. फ्रेम केलेला. काचेवर कुंकवाचं बोट, आणि वर झेंडूचा वाळून तपकिरी झालेला हार.

"दसऱ्याचा आहे," सावंत म्हणाले. "कम्प्युटरला घालतो, झेरॉक्स मशीनला घालतो, मग साहेब म्हणाले ह्यालापण घाला. ह्याच्यामुळे आपण वाचलो."

"कशातून?"

"कागद फुटले होते ना. सगळे साहेब लोक गोत्यात आले असते. सर्टिफिकेट होतं म्हणून सुटले."

"आणि भारती घरत?"

सावंतांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तिचं काय सर्टिफिकेट नव्हतं," ते म्हणाले. मग हळू आवाजात: "पोरगी तशी नव्हती हो. डबा उघडला की पहिला घास मला द्यायची. पण मी शिपाई माणूस, माझं कोण लिहून घेणार. कामोठ्याला असते आता, एका क्लासमध्ये." त्यांनी क्लासचं नाव सांगितलं, आणि मी निघताना जिन्यापर्यंत सोडायला आले.

रिक्षा करून निघालो, आणि कामोठ्यात आम्ही हरवलो. तिथल्या सेक्टरांचे आकडे ओळीने येत नाहीत, असं रिक्षावाल्याचं म्हणणं. "आकडे टाकणारा माणूस जेवायला गेला असेल आणि आल्यावर विसरला असेल," तो म्हणाला. एकसारख्या इमारती, खाली औषधांची दुकानं, मोबाइलची दुकानं आणि दर चार पावलांवर एक क्लास. मधेच एक जुनं गाव लागलं. अरुंद गल्ली, देऊळ, दारात जवळा (बारीक कोळंबी) वाळत घातलेला. त्याचा वास रिक्षात शिरला आणि वळण घेतल्याबरोबर पुन्हा उंच इमारती सुरू झाल्या. तीन वेळा विचारून आम्ही त्या क्लासशी पोचलो.

पायऱ्यांवर मुलांच्या चपलांचा ढीग होता. आत टेबलामागे एक पस्तिशीची बाई प्रश्नपत्रिकांना पिना मारत होती. मी नाव विचारलं. तीच होती.

"ॲडमिशन?" तिने विचारलं.

"नाही. मी पुण्याहून आलो. तुमच्या जुन्या ऑफिसच्या वेबसाइटचा दाखला मी दिला होता."

तिचा हात थांबला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, स्क्रीनशॉटचं आणि दुसऱ्या वर्षीच्या नोंदीचंही. इतक्या महिन्यांत मनात जुळवलेली वाक्यं आली नाहीत, वेगळीच आली, तुटक तुटक. मधे एक मुलगी खडू मागायला आली, तिला खडू मिळाला, मी पुन्हा सुरू केलं. संपलं तेव्हा तिच्यासमोरचा गठ्ठाही संपला होता.

"तुमची सही वाचता येत नाही," ती म्हणाली. "फार प्रयत्न केला होता मी. म्हटलं ह्या माणसाला फोन करून विचारावं, तुम्ही नीट बघितलं होतंत ना. कारण मला माहीत होतं, मी दिलेले नाहीत. मग गेले कुठून?"

"माझी चूक झाली. मी माफी मागायला आलोय."

"मला कशाला सांगताय, सर?" आवाज चढलेला नव्हता. "मी दिले नाहीत हे सगळ्या पनवेल तालुक्यात एकट्या मला माहीत होतं. तुम्ही नेमकं मलाच येऊन सांगताय."

तिने स्टेपलर खणात टाकला.

"रिक्षा सोडलीत का?"

"नाही, खाली आहे."

"मग कोनला चला. तिथे आमच्या भावकीतले काका आहेत, त्यांना सांगा. माझ्यासमोर." तिने आतल्या सरांना सांगितलं, पर्स घेतली आणि चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधून पायात घातली.

कोनचा रस्ता पळस्प्यावरून जातो. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, काहींत वाल लावलेला, काहींभोवती नुसत्या सिमेंटच्या भिंती. मधेच एखादी पंधरा-वीस मजल्यांची इमारत शेतात एकटीच उभी. भारती बराच वेळ बाहेर बघत होती. गाव दिसू लागलं तसं ती बोलू लागली.

"आमच्याकडे जमिनीचे कागद एका पिशवीत असतात. मोठ्या भावाच्या ताब्यात. भाताच्या कणगीत, बांबूच्या त्या मोठ्या कोठीत, खाली दाबून ठेवतात. सख्ख्या भावालाही ती पिशवी दाखवत नाहीत, फार काय, घरच्या बायकांनाही ती कुठे असते ते माहीत नसतं. ऑफिसने त्या देवळात कॅम्प लावला." तिने बोट दाखवलं. "दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून खांबाला चिकटवली. घरोघरी फिरले. म्हटलं, सरकारने तपासलंय, काय होत नाही, मी आहे. मग आले पिशव्या घेऊन. पहिली पिशवी काकांची."

रिक्षावाला आरशातून बघत होता.

काकांचं घर नवं, दुमजली, पण पुढची ओटी (घरापुढचा उंच ओटा) जुनीच ठेवलेली. काका तिथे सुपात वालाच्या शेंगा घेऊन बसले होते. सत्तरीचे असतील, बनियन आणि लुंगी. भारतीला पाहून त्यांनी नजर पुन्हा सुपात घातली.

"बसा साहेब," ते मला म्हणाले. "तिलाबी बसायचं आसंल तर बसंल."

ती उभी राहिली. दाराशी काकांची सून आली, मंजूवहिनी. तिने पाणी आणलं, दोन पेले आणले, आणि दुसरा पेला देताना भारतीच्या मनगटाला क्षणभर धरलं.

मी सुरू केलं. सर्व्हर, क्रमांक, परवानगी. काका ऐकत होते, पण शेंगा निवडत होते, आणि मलाच कळत होतं की मी शब्दांआड लपतोय. मी थांबलो. पुन्हा बोललो.

"काका, तुमच्या पिशवीच्या घराला कुलूप आहे का, ते बघून लिहून द्यायचं काम माझं होतं. पुढच्या दाराला कुलूप होतं. मागचं दार मी पाहिलंच नाही. दोन्ही बंद आहेत असं लिहून दिलं. ते मागचं दार उघडं होतं. दलाल तिथून आला."

काकांनी सूप खाली ठेवलं. "मागं जायला किती पावलं व्हती?"

"चार."

"आन् नाय गेलात."

"नाही गेलो."

"पाय दुखत व्हते?"

मंजूवहिनी दारात हसली आणि तोंडावर हात घेतला. मी म्हणालो, "नाही. घाई होती. आणि वाटलं, कोण बघतंय."

काकांनी लुंगीवर पडलेली सालं झटकली. मग माझ्याशी बोलल्यासारखं, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या बापाशीनं वाटणीचा कागद केल्ता. धाकट्याचा हिस्सा कमी लिवला व्हता. मी त्यो कागद आख्ख्या जल्मात त्याला दावला नाय. म्हटलं, माज्या हातानं समान देईन, मंग कागद जाळीन. त्या दलालानं त्यो कागद धाकट्याच्या घरात नेऊन दिला. समोरचं घर हाय त्याचं, बगा. दीड वरीस झालं, बोलत नाय. लेकीच्या हळदीला आला नाय." त्यांनी श्वास घेतला. "त्यो कागद माज्याशिवाय हिनंच बगितला व्हता. आमी दुसऱ्या कोनावर संशय घेयाचा?"

"संशय घ्यायचा नाय असं मी म्हणत नाय, काका." भारती पहिल्यांदा बोलली, आणि कामोठ्याच्या टेबलामागची तिची भाषा गेली होती. "पन मला एकदा इचारायचं व्हतं. भारती, तू दिलास का. येवढं इचारायचं व्हतं. तुमी लोकांना सांगितलंत, मला इचारलं नाय."

काकांनी सुपातली एक शेंग उचलली, सोलली, दाणे हातात धरून बसले.

"इचारलं नाय," ते म्हणाले. "खरं हाय."

मग ते सुनेला म्हणाले, "मंजू, वही आन. साहेब, हे जे बोललात ते लिवून द्या. तुमच्या लोकांचं तोंडी काय कामाचं नाय, ते आमाला आता समाजलं."

मी वहीच्या कागदावर लिहिलं. किती वर्षांनी हाताने मराठी लिहीत होतो, अक्षर वाकडं येत होतं. सही करताना पूर्ण नाव लिहिलं, वाचता येईल असं. काकांनी कागद भारतीपुढे धरला, "वाच." ती म्हणाली, "मी नाय वाचणार. वहिनी वाचंल." मंजूवहिनीने मोठ्याने वाचला. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं, आणि मला वाटतं वहिनीने आवाज त्यांच्यासाठीच चढवला होता.

काका उठले, पायात चपला सरकवल्या आणि कागद घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या घराकडे गेले. दार उघडलं गेलं. ते आत गेले नाहीत, कागद आत दिला आणि बाहेरच, पायरीवर बसून राहिले. आम्ही इकडून बघत होतो.

"वाचायला येळ लागतो धाकट्यांना," वहिनी म्हणाली. "जेवून घ्या तवर."

तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (सोललेल्या वालाची उसळ) आणि भाजलेला बोंबील. मला घास उतरेल असं वाटलं नव्हतं, उतरला. भारती जेवली नाही, पाचला क्लास होता, पण वहिनीने तिच्या ओढणीत सुपातल्या शेंगा ओतल्या आणि गाठ मारली. आम्ही निघालो तेव्हा काका अजून पायरीवरच होते. समोरचं दार उघडंच होतं. भारतीला जाताना पाहून ते तिथूनच म्हणाले, "रविवारी येशील तर बिरडं करताव." ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

रिक्षात ती म्हणाली, "हा कागद गावाचा झाला, सर. ऑफिसच्या कागदात मी चोरच आहे. दुसरीकडे कुठे सरकारी कामाला अर्ज केला की तेच पत्र पुढे येतं."

"मी लिहून देईन."

"कधी?"

मी तिला खरं ते सांगितलं. कार्यालयाला आणि दाखल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला लिहिलं की माझी नोकरी जाणार, बहुधा कंपनीचं नावही यादीतून जाणार, आणि तिथे माझ्याखाली काम करणारी माणसं आहेत.

"माझी गेलीच की," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. कामोठ्याला उतरताना ओढणीची गाठ सांभाळत तिने मला पनवेलच्या गाडीची वेळ सांगितली, चुकू नये म्हणून. ते मला फार लागलं.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. घाट चढताना मागे पनवेलच्या बाजूचे दिवे लागत होते. कोनची वस्ती त्यांत कुठे ते मला ओळखता आलं नाही, पण तिथे कुणाच्या घरात काय आहे ते आता ठाऊक होतं. पुण्यातून मी जे दाखले देतो त्यांवर गावांची नावं नसतात, नुसते पत्ते असतात, इंग्रजी अक्षरांतले. आता दाखल्यावर सही करताना एक सूप आणि शेंगा आठवतात. कामाचा वेग कमी झालाय. वरिष्ठांनी तसं बोलूनही दाखवलं.

घरी पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, "झालं काम?" मी म्हणालो, अर्धं. मग तिला बसवून सगळं सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तिचं आडनाव काय म्हणालास?" मी सांगितलं. तिने ते पुन्हा उच्चारून पाहिलं.

या लेखात कार्यालयाचं आणि कंपनीचं नाव नाही. भारतीला मी फोन करून विचारलं होतं, तुमचं नाव बदलू का. ती म्हणाली, "सगळीकडे माझंच तर नाव आहे. ह्यात पण राहू दे."

कार्यालयाला आणि त्या यंत्रणेला द्यायचं पत्र तीन वाक्यांचं आहे. मी सही केली तेव्हा ती त्रुटी उघडी होती. पुढच्या वर्षी मी ती नवी म्हणून खोटी नोंदवली. भारती घरत यांचा त्यात काही हात नाही. मसुदा तयार आहे, दोन वेळा छापून झाला आहे. मी ते पत्र अजून दिलेलं नाही. ते मी तिचं देणं लागतो.